लेकरू कुणाकडं आहे?

कुरुक्षेत्रावरचं युद्ध संपलं. गंगेच्या काठी मेलेल्यांना पाणी द्यायची वेळ आली, तेव्हा कुठं कुंतीला बोलावंसं वाटलं. कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता, असं तिनं पोरांना सांगितलं. ऐकून युधिष्ठिर कोसळला, आणि सावरल्यावर त्यानं साऱ्या बायकांना शाप दिला, की त्यांच्या पोटात गुपित म्हणून काही राहणार नाही. स्त्रीपर्वातला हा प्रसंग सांगताना बहुतेक कीर्तनकार त्या शापावर हशा घेतात आणि पुढं जातात. मला मात्र कुंतीचं ते उशिरा बोलणं कधी सुटलं नाही. कर्ण जिवंत असताना भर सभेत त्याला सूतपुत्र म्हणून हिणवलं गेलं. तेव्हा त्याच्यावर हक्क सांगायला कुणी नव्हतं. मेल्यावर मात्र त्याला आई मिळाली, पाच भाऊ मिळाले, तिलांजली मिळाली.

उद्योगपर्वात याच कर्णाला कृष्ण खरं कूळ सांगून पांडवांकडं बोलावतो. कर्ण काय उत्तर देतो? राधेनं माझं मलमूत्र काढलं, मला पाहून तिला पान्हा फुटला. अधिरथानं माझे जातकर्मादी संस्कार केले. त्यांचा पिंड मी कसा मोडू? वाहून आलेलं लेकरू ज्यांनी उचललं तेच आईबाप, आणि यात त्याला तिळमात्र शंका नाही. शंका बाकीच्या जगाला होती.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. बरीचशी नोकरी शिरूर कासार आणि पाटोदा तालुक्यांतल्या वस्त्यांवर झाली. गळ्यात माळ आहे, एकादशी करते. हे आधीच सांगते, कारण पुढं मी जे लिहिणार आहे ते वाचून, बाईंनी धर्म सोडला का, असं विचारणारे आमच्याकडं पुष्कळ आहेत.

२०१७ साली अमेरिकेतल्या टेक्सासात, रिचर्डसन या गावात, तीन वर्षांची एक मुलगी हरवली. बिहारमधल्या नालंद्याच्या अनाथाश्रमातून वर्षभरापूर्वीच तिला दत्तक नेलं होतं. आश्रमात ती सरस्वती होती, तिकडं शेरीन झाली. दत्तक घेणारे आईबापही मूळचे भारतीयच. ७ ऑक्टोबरला बापानं पोलिसांना सांगितलं, की ती दूध पीत नव्हती म्हणून पहाटे तीनच्या सुमाराला तिला घराबाहेर झाडाखाली उभं केलं, आणि थोड्या वेळानं पाहिलं तर ती तिथं नव्हती. २२ ऑक्टोबरला घरापासून जवळच, रस्त्याखालच्या मोरीत तिचा देह सापडला. मग बापाचं सांगणं बदललं. दूध पाजताना ठसका लागला, म्हणाला. २०१९ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

माझा भाचा तेव्हा डॅलसजवळ नोकरीला होता. तो फोनवर सांगायचा, की लोक रात्री मेणबत्त्या घेऊन जमतात, झाडाखाली खेळण्यांचा ढीग पडलाय, तिच्यासाठी स्मृतिसभा झाली. आपले मंदिरवाले, त्यांचे चर्चवाले, सगळे म्हणतात की ही आमची लेक. इकडं दिल्लीतही हालचाल झाली. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी परदेशी दत्तक जाणाऱ्या मुलांच्या पासपोर्टचे नियम कडक करायला लावले. हे सगळं योग्यच होतं, आणि त्या गर्दीतल्या कुणाचं रडणं खोटं होतं असंही मी म्हणत नाही. पण भाच्याला मी एवढंच विचारलं, की अरे, त्या गल्लीतल्या किती जणांना ती हरवायच्या आधी तिचं नाव माहीत होतं? तो गप्प बसला, आणि मग म्हणाला, ‘मावशी, इथं शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं.’

इथं सगळ्यांना सगळ्यांची नावं माहीत असतात. म्हणून आपल्याकडं असं होत नाही, असं म्हणायची सोय आहे. ती सोय मी घेऊ शकत नाही.

दसरा झाला की ऊसतोडीसाठी आमचा जिल्हा अर्धा रिकामा होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या, जळण, आणि वर माणसं. कोल्हापूर, सांगली, सातारा, पार कर्नाटकापर्यंत. मुकादमानं उन्हाळ्या-पावसाळ्यात दिलेली उचल असते, ती फेडायची असते. हिशेब कोयत्यावर होतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. लेकरू त्या हिशेबात नाही. फडात न्यावं तर ते झोपडीपाशी, म्हणजे कोपीपाशी, एकटं, किंवा आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या काखेत. पहाटे काळोखात तोड सुरू होते, वर बिबट्याचं भय, ट्रॅक्टरच्या चाकाचं भय. गावात ठेवावं तर कुणाकडं तरी ठेवावं लागतं. कुणाची आजी असते, कुणाची मावशी, चुलता, कधी नुसतीच ‘वळखीची’ माणसं. सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत, शिरूर तालुक्यातच आर्वीला दीपक नागरगोजे यांचं शांतिवन आहे, गेवराईकडं संतोष गर्जे यांचं बालग्राम आहे. पण जाणारी माणसं लाखांत आहेत. कायद्याच्या भाषेत ज्याला प्रतिपालन म्हणतात ते आमच्याकडं दर वर्षी सहा महिने घरोघर चालतं. त्याला ना अर्ज, ना आदेश, ना पाहणीचा अहवाल. हजेरीपटावर मी नावापुढं ‘स्थलांतरित’ असा शेरा मारायची. ज्याच्यापुढं तो शेरा नाही ते लेकरू गावात आहे, एवढंच मला माहीत. कुणाच्या घरात आहे, हे हजेरीपट सांगत नाही.

२०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे गावची गोष्ट पेपरात आली. कातकरी आईबापांनी आपली लेक मेंढ्या राखायला दूरच्या एका मेंढपाळाकडं दिली होती. ती दहा वर्षांची. ऑगस्टअखेर एका रात्री तिला कुणीतरी झोपडीबाहेर आणून टाकलं, अंगावर जखमा, शुद्ध नाही. नाशिकच्या दवाखान्यात तिचा जीव गेला. गुन्हा दाखल झाला, वेठबिगारीचं कलम लागलं. मग श्रमजीवी संघटनेनं आणि यंत्रणेनं शोध घेतला तेव्हा अशी आणखी लेकरं निघाली. थोडे रोख पैसे आणि एखादी मेंढी, एवढ्या मोबदल्यात ती गेली होती.

‘कसले हे आईबाप!’ असं त्या आठवड्यात मी बसमध्ये, बँकेत, मंदिरात, सगळीकडं ऐकलं. ऐकताना मला ऐतरेय ब्राह्मणातला शुनःशेप आठवत होता. राजाला वरुणाच्या यज्ञात बळी द्यायला आपल्या मुलाऐवजी दुसऱ्याचा मुलगा हवा असतो. रानात अजीगर्त नावाचा ब्राह्मण उपाशी मरत असतो. त्याचे तीन मुलगे. थोरला बाप देईना, धाकटा आई देईना. मधला शंभर गाईंना गेला. यूपाला बांधायला कुणी धजेना, तेव्हा आणखी शंभर घेऊन बापानंच बांधलं. मारायला कुणी धजेना, तेव्हा आणखी शंभर घेऊन बापच शस्त्र पाजळून उभा राहिला. देवांची स्तुती करून पोरगा सुटला, तसा बाप म्हणतो, चल घरी. शुनःशेप म्हणाला, माझ्याहून तुला तीनशे गाई जास्त वाटल्या. तो विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसला आणि त्याचा मुलगा झाला.

ही गोष्ट सांगणारे अजीगर्ताला शिव्या देतात, आणि तो त्या लायक आहेच. पण ग्रंथानं एक शब्द जपून ठेवलाय, की तो भुकेनं व्याकूळ होता. आणि ज्याच्याकडं तीनशे गाई होत्या त्याच्याबद्दल कुणी ‘कसला हा राजा!’ म्हणत नाही. उभाड्याच्या आईबापांकडं गाई तर आल्याच नाहीत. त्यांच्या हिशेबात लेकीला तिथं पोटभर मिळणार होतं. मी त्यांना निर्दोष म्हणत नाही. दोष कुठवर जातो ते पाहायला बसमधलं कुणी थांबत नव्हतं, एवढंच.

त्याच वर्षी कार्तिकात आमच्या गावचा सप्ताह होता. ऊसतोडीला गाव गेलेलं, मंडपात म्हातारे, म्हाताऱ्या, आणि त्यांच्या मांडीवर दुसऱ्यांची लेकरं. बाहेरगावचे महाराज होते. आवाज गोड, पाठांतर दांडगं. त्यांनी उभाड्याच्या मुलीचं उदाहरण घेतलं. डोळे पुसले, मंडपही हळहळला. आणि मग म्हणाले, काय करणार मंडळी, ज्याचं त्याचं प्रारब्ध. मागल्या जन्मीचं देणं या जन्मी फिटलं, लेकरू मोकळं झालं. टाळ वाजले. माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारीनं मांडीवरच्या नातीला पदराखाली घेतलं आणि ‘खरंय बाई’ म्हणाली.

मला तिथं बसवेना. कीर्तन संपल्यावर महाराजांपाशी गेले, पाया पडले, आणि विचारलं, ‘महाराज, दोन वर्षांच्या आतलं लेकरू गेलं तर आपण जाळतो का पुरतो?’

‘पुरतो.’

‘पाणी, पिंड?’

‘नाही. लहान लेकराला लागत नाही.’

‘का?’

‘बाई, ते शुद्ध असतं. कर्म लागलेलं नसतं.’

‘मग ज्याला कर्मच लागलेलं नाही, ते कशाचं देणं फेडत होतं?’

महाराज हसले. माणूस चांगला होता, चिडला नाही. म्हणाले, या जन्मीचं कर्म नाही, मागच्याचं असतं. शास्त्रानं पाहिलं तर त्यांचं उत्तर बरोबर आहे, हे मला कळतं. मागचा जन्म असेल तर त्याची शिदोरी असेलच. पण मग मारणाऱ्याच्या हातून जे झालं ते काय झालं? त्यानं तिचं देणं वसूल करून दिलं का? मग त्याच्यावर खटला कशाला, त्याला शालच पांघरायला हवी. आपण शाल पांघरत नाही, कारण आतून आपल्याला ठाऊक असतं, की प्रारब्धाचा हा हिशेब आपण स्वतःच्या दुःखाला लावला तर तो धीर असतो, आणि दुसऱ्याच्या लेकराच्या मरणाला लावला तर ती पळवाट. तुकोबा-नामदेवांनी आपल्या वाट्याला आलेलं भोगलं आणि भोग म्हणाले. ते त्यांना शोभलं. दहा वर्षांच्या मुलीनं तसं काही म्हटलं नव्हतं. तिच्या वतीनं म्हणायचा अधिकार महाराजांना कुणी दिला?

मग त्यांनी दुसरा आधार घेतला. ‘बाई, मरण कुणाला चुकलंय? ती किसागोतमीची गोष्ट माहितीय ना?’ माहितीय, आमच्या शाळेत बुद्धजयंतीला मीच सांगायची. मेलेलं पोर घेऊन ती हिंडते, बुद्ध तिला म्हणतात की ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मूठभर मोहरी आण, आणि दारोदार फिरून तिला कळतं की असं घर नाही. फार थोर गोष्ट. पण ते पोर कुणाच्या हातून गेलेलं नव्हतं. समजा, ती ज्या दारांवर गेली त्यांतल्याच एका दाराआड ते मेलं असतं, तर? मग मरण सगळ्यांनाच आहे, हे उत्तर पुरलं असतं का? मला वाटतं, बुद्धांनीही तिला मोहरी मागायला पाठवलं नसतं. महाराजांना गाडी पकडायची होती. त्यांचा चालक हॉर्न वाजवत होता.

मी घरी आले आणि बरेच दिवस या गोष्टीशी झोंबत राहिले. प्रारब्ध हा एकच दगड वाटेत नव्हता. आपल्याकडं माणूस जन्मतः ऋणी असतो असं सांगतात; देवांचं ऋण, ऋषींचं ऋण, पितरांचं ऋण. पितृऋण फिटतं कशानं? संतती झाल्यानं. नीट पाहिलं तर त्या वहीत लेकरू कुठं आहे? देणेकऱ्यांत नाही, घेणेकऱ्यांत नाही. ज्या नाण्यानं देणं फिटतं ते नाणं म्हणजे लेकरू. आपण पितरांना देणं लागतो, पण लेकराचं काही देणं लागतो असं त्या यादीत नाही. धर्मशास्त्रातलं दत्तकही याच वहीतलं. पिंड द्यायला, नाव चालवायला मुलगा हवा म्हणून दत्तक. मुलगी दत्तक घ्यायचा मार्ग हिंदूंना कायद्यानं सरळ उघडला तो १९५६ साली. आणि मुलीचं नाणं चालत नाही म्हणून काय झालं, ते बीडनं देशाला दाखवलं. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागं आमच्या जिल्ह्यात ८०७ मुली होत्या, महाराष्ट्रात सगळ्यांत कमी. २००१ मध्ये तो आकडा ८९४ होता. परळीतल्या एका दवाखान्यातलं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण २०१२ मध्ये गाजलं आणि डॉक्टर दांपत्याला पुढं शिक्षाही झाली. परळी ज्योतिर्लिंगाचं गाव आहे. श्रावणी सोमवारी वैजनाथाला ज्या बायका रांगेत असतात त्यांच्यापैकी काहींनी त्याच गावात काय सोसलं असेल, याचा विचार रांगेत उभं राहून मी केलेला आहे.

तरी परंपरा एकाच सुरात बोलते असंही नाही. मनूनं मोजलेल्या बारा प्रकारच्या मुलांत एक अपविद्ध आहे. आईबापांनी टाकलेलं आणि कुणीतरी उचललेलं. नाव कठोर आहे, पण त्याला मुलगा म्हणून यादीत जागा दिलीय, आणि तीही वारसा मिळणाऱ्या पहिल्या सहांत. टाकलेलं लेकरू उचललं की ते तुझं. परत परकं म्हणता येणार नाही. हा धागा कुणी कीर्तनात ओढत नाही.

आणि जनाबाई. आमच्या परळीपासून जवळच गंगाखेड, तिथली ती. लहानपणी बापानं तिला पंढरपुरात नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी ठेवलं, असं सांगतात. ती त्या घरची दासी झाली. झाडलोट, पाणी, दळण. देव येऊन तिच्याबरोबर दळू लागला, हे ऐकलं की आमच्या बायका रडतात, मीही रडते. पण कितीतरी वर्षं वर्गात त्या वयाच्या मुली पाहिल्यावर माझं मन एका ठिकाणी अडकतं. देव दळायला आला, कारण त्या घरातलं दुसरं कुणी दळायला बसत नव्हतं. संतांचं घर होतं ते, सगळं घर अभंग रचणारं. तिथंही ठेवलेलं पोर जात्यापाशीच. नामदेवांच्या घराला नावं ठेवायची माझी लायकी नाही. त्या काळी तीच रीत होती, आणि जनीनं त्यातूनच जे केलं ते कुणाला जमलं नाही. पण विठ्ठलाचे हात जात्याला लागले, हे आपण कौतुकानं सांगतो. ते लागावे लागले, हे आपण त्या कथेत ऐकतच नाही.

माझ्या शाळेत शेख सर होते, गणित शिकवायचे. त्यांच्याशी एकदा यावर बोलणं झालं. ते म्हणाले, ‘बाई, आमच्यात तर आमचे पैगंबरच यतीम. बाप जन्माआधी गेलेला, आई लहानपणी. दूधआई हलीमा, मग आजोबा, मग चुलता.’ कुराणात माऊन नावाची छोटी सूरा आहे, तिचा आशय त्यांनी सांगितला. दीन खोटा मानणारा माणूस कोण, तर जो यतीमाला ढकलून देतो. आणि दाखवायला नमाज पढणाऱ्यांना त्याच सुरेत खडसावलंय. माझ्या मनात ते रुतलं. श्रद्धेची परीक्षा तिथं लावलीय जिथं कुणी पाहत नाही. मी विचारलं, मग तुमच्या मोहल्ल्यात यतीम सुखात आहेत का? सर डस्टर झटकत म्हणाले, ‘किताबात आहेत.’

आता एका मुलाचं सांगते. नाव सांगत नाही. आई फडातच गेली, बाप दुसरं घर करून बसला. मामानं पोराला आणून माझ्या शाळेत तिसरीत घातलं. एका वर्षी दिवाळीनंतर तो आलाच नाही. मामाकडं गेले तर तो म्हणाला, ‘पाव्हण्याकडं ठेवलाय, शेरडं-मेंढरं वळतोय, खातोय-पितोय.’ पाहुणे कोण, कुठले, ते सांगेना. मी बसूनच राहिले. मामी आतून म्हणाली, ‘बाई, तुमचं काय हो? लेकरू आमचं हाय.’ एवढं ऐकल्यावर मला जास्तच काळजी वाटली, कारण आजवर तिनं त्याला आमचं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. शेवटी मुख्याध्यापक आणि पोलीस पाटील बरोबर आले तेव्हा गाव कळलं. पाथर्डीच्या बाजूला माळावर मेंढ्यांचा वाडा बसला होता.

मी मनात काय काय धरून गेले होते, ते सांगायला नको. वाड्यावर पोहोचलो तर पोरगं कोकराला बाटलीनं दूध पाजत बसलेलं. अंगात नवा सदरा, पायात जोडे, डोक्याला तेल. केस कुणीतरी नीट भादरलेले. माझ्या वर्गात त्याच्या पायात कधी जोडे पाहिले नव्हते. मेंढपाळाची म्हातारी आई पुढं आली. आम्ही कोण ते कळल्यावर आता ओरडेल असं वाटलं. तिनं घोंगडं अंथरलं, काळा चहा ठेवला, आणि म्हणाली, ‘इचाराया आलात, लई बरं केलं. तीन महिनं झालं, ह्याचं मान्स मेलं का जितं, काय कळंना. रातीला आईला हाका मारतंय. म्या काय सांगावं त्येला?’

शाळेत पाठवा, तो मेंढ्या राखायच्या वयाचा नाही, कायद्यानं गुन्हा होतो, हे सगळं आम्ही सांगितलं. मेंढपाळ मान खाली घालून ऐकत होता. मामाला त्यानं पैसे दिले होते, तेही कबूल केलं. काम चुकीचंच होतं. पण पोराला पाठवताना म्हातारी जे रडली ते मी अजून कुठल्या रकान्यात बसवू शकलेले नाही. पोरगंही मागं वळून वळून पाहत होतं. पुढं बालकल्याण समितीमार्फत त्याची सोय झाली. आता तो मोठा आहे, दिवाळीला अजून त्या म्हातारीकडं जातो.

उभाड्याच्या लेकीलाही मेंढपाळाकडंच ठेवलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही वाडे सारखेच दिसले असते. एकाच्या आत राधा होती, दुसऱ्याच्या आत काय घडत होतं ते लेकरू मरेपर्यंत कळलं नाही. रिचर्डसनचं घर तर बाहेरून दोघांहून चांगलं होतं, कागदपत्रं पूर्ण, पाहणीला येणाऱ्या बाईंच्या भेटीसुद्धा झालेल्या. लोक मग म्हणू लागतात, दुसऱ्याचं लेकरू शेवटी दुसऱ्याचंच. रक्ताची ओढ नसते. असं म्हणणाऱ्यांना मी परळी दाखवते. तिथं सगळं रक्ताचंच होतं. उलट पोसणाऱ्यावर आधीच संशय धरला तर कोण राधा पुढं येईल? आमच्याकडं सावत्र आईच्या गोष्टींनी आधीच पुष्कळ नुकसान केलंय. वाड्यावरच्या म्हातारीला आमचं विचारणं म्हणजे आरोप वाटला नाही. तिला आधार वाटला. लेकरू तिच्या एकटीच्या गळ्यात पडलं होतं, आता कुणीतरी भागीदार आला.

पितृऋणाच्या जोडीला एखादं ऋण लिहायचं झालं तर ते मला इथं दिसतं. दुसऱ्याच्या घरी असलेल्या लेकराची चौकशी करणं. यात पुण्य किती ते मला ठाऊक नाही. मेणबत्तीपेक्षा हे अवघड आहे, कारण मेणबत्ती लावल्यावर कुणी ‘तुमचं काय हो?’ म्हणत नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळवलं गेलंय असंच आधी धरून गुन्हा नोंदवायचा. फार चांगलं. पण त्यासाठी तक्रार करणारं कुणीतरी लागतं. ज्या लेकराचं हरवणंच कुणाला कळत नाही, त्याची फिर्याद कोण देणार? कर्ण पेटीत वाहत चालला होता तेव्हा काठावर माणसं नसतील असं नाही.

निवृत्तीनंतर मी गावी राहते. गावपातळीवर बाल संरक्षण समिती असते; सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडीताई, शिक्षक, सगळे तिच्यात असतात. आमच्या गावच्या समितीचं रजिस्टर ग्रामपंचायतीच्या कपाटात होतं, सह्या होत्या, इतिवृत्त एकसारख्या अक्षरात. गेल्या दसऱ्याच्या आधी, ट्रॉल्या भरायच्या दिवसांत, मी सरपंचबाईंना म्हटलं, की जाणाऱ्या प्रत्येक घरानं लेकरू कुणाकडं ठेवलंय ते लिहून घेऊ, आणि दर पंधरा दिवसांनी कुणीतरी जाऊन बघू. त्यांना पटलं. त्या स्वतः दहा वर्षं कोयता धरून आलेल्या.

बैठकीला बायका बऱ्याच आल्या. नावं लिहिता लिहिता एक जण उठली. दिराची दोन लेकरं तिच्याकडं राहणार होती.

‘म्हंजी माझ्या घरात डोकवायचं? मी काय लेकराला मारती का?’

अंगणवाडीताई गडबडली. सरपंचबाई शांतपणे म्हणाल्या, ‘माझ्या घरी नणंदेची पोरगी हाय. पयलं माझ्याच घरात डोकव. चुलीवर काय हाय, तिच्या ताटात काय हाय, समदं बघ.’

‘आन् नाय आवडलं तर?’

‘तर चौकात बोल.’

बाई थोडा वेळ उभीच राहिली. मग म्हणाली, ‘लिहा माझं बी. पर येताना उपाशीपोटी येऊ नका, भाकर खाऊन जावं लागंल.’ रजिस्टरात त्यासाठी रकाना नव्हता. अंगणवाडीताईनं पट्टी घेतली आणि पानाच्या कडेला पेन्सिलीनं रेघा मारायला सुरुवात केली.